विसार आणि विश्वास

वाचक माउली, गेल्या कार्तिकीला पंढरपुरात मठाच्या ओसरीवर बसलो होतो. चंद्रभागेचे स्नान, नगरप्रदक्षिणा आटोपून माणसे जरा टेकली होती. त्यात तिशीतला एक मुलगा हळूच जवळ सरकला. पाया पडला आणि म्हणाला, "महाराज, एक व्यवहारातली गोष्ट विचारू का? परमार्थातली नाही." मी म्हटले, "विचार बाबा. दोन्ही एकाच घरात राहतात."

त्याचे तालुक्याच्या गावी वेल्डिंगचे दुकान. खिडक्यांच्या जाळ्या, लोखंडी फाटके, पत्र्याची शेड करून देतो. तो म्हणाला, "काम धरण्याआधी गिऱ्हाईकाकडून ॲडव्हान्स मागावा का? आमचे वडील माळकरी आहेत. ते म्हणतात, आधी पैसे मागणे म्हणजे समोरच्याला चोर समजणे. माळ घातलेल्याने असे करू नये. मी त्यांचे ऐकले. पैसे न घेता तीन मोठी कामे केली, त्यांतली दोन बुडाली. लोखंडवाल्याची उधारी अंगावर आहे. आता मागावे तर घरात पाप, न मागावे तर दुकानात तोटा. काय करू?"

हाच प्रश्न मला पंचवीस वर्षांपूर्वी कोणी विचारला असता तर मी एका क्षणात उत्तर दिले असते. खरे सांगायचे तर ते उत्तर मी एकदा दिलेही होते, भर कीर्तनात, टाळ्या घेऊन. त्याची किंमत मात्र दुसऱ्याने मोजली. म्हणून त्या मुलाला म्हणालो, "मला थोडा वेळ दे. विचार करून लिहितो." हा लेख त्याच्यासाठी आहे, आणि त्याच्यासारख्या सुतार, गवंडी, शिंपी, रंगारी, मंडपवाले, आचारी अशा सगळ्यांसाठी. त्यांच्याकडून काम करून घेणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी तर जास्तच.

आधी माझी चूक सांगतो.

आमच्या भागात मृदंग मढवणारा एक कारागीर होता. आजही आहे, पण आता फक्त दुरुस्ती करतो. त्याच्या हातची पुडी आणि शाई अशी, की बोट ठेवले तरी नाद घुमावा. त्याचा जुना रिवाज होता: नवीन मृदंग सांगायला कोणी आले की खोडाचे आणि कातड्याचे पैसे आधी घ्यायचे, मजुरी मृदंग हातात दिल्यावर. एक वही होती, तीत सगळे मांडलेले असायचे.

एका सप्ताहात माझे कीर्तन होते. विषय निघाला विश्वासाचा. बोलण्याच्या भरात मी म्हणालो, "जो काम करण्याआधी पैसे मोजून घेतो, त्याचा माणसावरही विश्वास नाही आणि पांडुरंगावरही नाही." मंडपात विठ्ठल विठ्ठल झाले. तो कारागीर समोरच, तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसला होता. मी त्याला उद्देशून बोललो नव्हतो. तो समोर आहे हे माझ्या ध्यानातही नव्हते. त्याने मात्र ते वाक्य घरी नेले. दुसऱ्या दिवसापासून आधी पैसे मागणे बंद केले.

पुढच्याच वर्षी एका भजनी मंडळाने त्याला सहा मृदंग सांगितले. मंडळी सगळी माळकरी. किंमत ठरली प्रत्येकी ३,००० रुपये, म्हणजे एकूण १८,०००. त्यात खोडे, कातडी, वादी, गट्टे, शाईचे सामान मिळून मालच ११,००० रुपयांचा. जुन्या रिवाजाने त्याने ते ११,००० आधी घेतले असते. या वेळी मागितले नाहीत. गावातल्या एकाकडून शेकडा ३ रुपये महिना व्याजाने काढले आणि आषाढीच्या आधी सहाही मृदंग तयार करून ठेवले. मग निरोप आला: एका दात्याने मंडळाला वाद्ये भेट दिली आहेत, आता तुमच्या मृदंगांची गरज नाही.

मृदंग म्हणजे काही ज्वारी नव्हे, की कणगीत घातली आणि भाव आल्यावर विकली. कातडे पडून राहिले की सुकते, पावसाळ्यात दमटपणा धरते, शाई खपलते. ते मृदंग त्यांच्या गायकाच्या पट्टीचे केलेले. दुसऱ्याला द्यायचे तर पुन्हा मढवणे आले. एकेक करून, पडेल त्या भावाने विकता विकता अडीच वर्षे गेली. तोवर महिन्याला ३३० रुपये व्याज चालूच. तीस महिन्यांचे झाले ९,९००. ज्या कामात मजुरी ७,००० मिळायची, त्यात व्याजच तेवढ्याच्या वर गेले. त्याचा मोठा मुलगा तेव्हा हाताखाली शिकत होता. तो म्हणाला, "जिथे स्वतःचे पैसे मागायचीही चोरी, तो धंदा मला नको." तो एमआयडीसीत कामाला लागला. बापाच्या हातातली विद्या बापापाशीच राहिली.

हे मला कळले चार वर्षांपूर्वी, माझा आवाज बसला आणि मी कीर्तन थांबवले तेव्हा. घरातला मृदंग एका होतकरू मुलाला द्यायचा होता, म्हणून मढवायला घेऊन गेलो. पैसे विचारले तर तो म्हणाला, "पुडीचे आधी द्या महाराज, बाकीचे नंतर." मी सहज हसून म्हणालो, "माझ्यावरही विश्वास नाही का?" तेव्हा त्याने हातातले काम न थांबवता ही सगळी हकीकत सांगितली. आवाजात राग नव्हता. शेवटी एवढेच म्हणाला, "तेव्हा तुमचा शब्द मानला होता. आता मानत नाही, एवढंच."

माउली, पन्नास वर्षे नारदाच्या गादीवर उभा राहिलो, पण एवढे स्पष्ट निरूपण मी कधी ऐकले नव्हते.

त्या दिवसापासून मी विचार करतो आहे, की माझे नेमके चुकले कुठे? विश्वास ठेवा असे सांगणे तर चुकीचे नाही. मग त्या वाक्यात खोट कोणती होती?

पहिली खोट अशी, की कीर्तनाचा नियम मी कारागिरीला लावला. कीर्तन हे विकण्याचे नाही, हा आपल्या संप्रदायाचा दंडक आहे. कीर्तनाचे द्रव्य घेणारा आणि देणारा, दोघांनाही तुकोबांनी खडसावले आहे. मी तो दंडक माझ्यापरीने पाळला. कधी आकडा सांगितला नाही, कधी आगाऊ घेतले नाही. नारळ आणि वाटखर्च यांवर समाधान मानले. त्याचा मला अभिमान होता. पण या वयात खरे बोलावे. मला मागावे लागले नाही, कारण घरी चार एकर बागायत होती आणि ती धाकटा भाऊ कसत होता. मी मंडपात वैराग्य सांगत होतो तेव्हा तो रात्री पाणी धरत होता. माझ्या न मागण्याखाली त्याच्या घामाची जोत्याची दगडे होती. त्या मृदंगवाल्याला असा भाऊ नव्हता. ज्याच्या पायाखाली जोते आहे त्याने उघड्यावर उभ्या असलेल्याला "पावसाला भिऊ नकोस" म्हणावे, तसे माझे झाले.

शिवाय नामाला माल लागत नाही. मृदंगाला लागतो. खोड कोणीतरी विकत घ्यावे लागते, कातडे आणावे लागते. ते पैसे कोणाचे तरी असतातच. प्रश्न फक्त एवढाच, की काम पुरे होईपर्यंत ते कोणी अडकवून ठेवायचे: ज्याला वस्तू हवी त्याने, की जो ती करून देतो त्याने?

दुसरी खोट जुन्या काळाबद्दलच्या माझ्या समजुतीत होती. मी कीर्तनात सांगत असे, "पूर्वी कुठे होते ॲडव्हान्स? सगळे विश्वासावर चालायचे." हे अर्धे खरे आहे. गावगाड्यात सुतार वर्षभर नांगर, कुळव, तिफण नीट ठेवायचा, लोहार फाळ ठोकून द्यायचा, चांभार मोट शिवायचा, आणि सुगीला खळ्यावर रास पडली की प्रत्येकाला बलुते मिळायचे. काम आधी, मोबदला मागून. त्रिंबक नारायण आत्रे यांचे १९१५ सालचे 'गावगाडा' हे पुस्तक ज्यांनी वाचले असेल त्यांना ही रीत ठाऊक असेल. पण या रीतीत एक गोष्ट आपण विसरतो. लाकूड शेतकऱ्याचे असायचे. लोखंड शेतकरी आणून द्यायचा. शिंप्याकडे कापड गिऱ्हाईकाचे, सोनाराकडे सोने गिऱ्हाईकाचे. कारागिराचे स्वतःचे जायचे ते श्रम. म्हणजे आगाऊ रक्कम तेव्हाही दिली जात होती. फक्त ती नाण्यांत नव्हती, लाकडात, लोखंडात, कापडात आणि सोन्यात होती.

नरहरी सोनारांची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. सावकाराचा नवस फळला, त्याने विठ्ठलासाठी सोन्याचा कटदोरा करायला टाकला. नरहरी कट्टर शिवभक्त, विठ्ठलाच्या देवळात पाऊल टाकायचे नाही म्हणून दुसऱ्याने आणलेल्या मापावर कटदोरा घडवला. तो कधी सैल झाला, कधी तोकडा. शेवटी डोळ्यांवर पट्टी बांधून ते स्वतः माप घ्यायला गेले आणि हरिहर एकच आहेत हा साक्षात्कार झाला. या कथेतून आपण अद्वैत शिकतो, ते योग्यच आहे. पण मी आता तीत आणखी एक लहान गोष्ट पाहतो. सोने कोणाचे होते? सावकाराचे. कटदोरा पुन्हा पुन्हा मोडून घडवताना नरहरींचे श्रम गेले, पण त्यांना सोन्यासाठी कर्ज काढावे लागले नाही. ते कर्ज काढावे लागले असते, आणि सावकार मधेच "आता नको" म्हणाला असता, तर डोळ्यांवर पट्टी बांधून राउळाकडे निघण्याइतकी स्वस्थता त्यांना उरली असती का?

जुन्या रीतीचे गोडवे गाताना तिची दुसरी बाजूही झाकू नये. खळ्यावर वाटा देताना मापात कोण हात आखडता घेतो हे बलुतेदाराला दिसायचे, पण तोंड उघडायची सोय नसायची. जातीने जो खाली, त्याच्या पदरात शेवटी आणि थोडे पडायचे. त्या व्यवस्थेत जो मागत नव्हता, तो विश्वास होता म्हणूनच मागत नव्हता असे नाही. पुष्कळदा त्याला मागता येत नव्हते. मागता न येणे हे काही वैराग्य नव्हे.

तिसरी खोट शास्त्राच्या बाबतीत. मी पाठशाळेत शिकलेला माणूस, पण ज्या गोष्टी मला सोयीच्या तेवढ्याच मांडत होतो. विसार हा काही आजच्या बाजाराचा शोध नाही. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात त्याला नाव आहे: सत्यंकार. सत्य करणारा, दिलेला शब्द खरा करणारा. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात विज्ञानेश्वरांनी मिताक्षरा लिहिली. तिच्यात ते समजावून सांगतात, की खरेदी-विक्रीचा ठराव पाळला जावा म्हणून अंगठीसारखी वस्तू समोरच्याच्या हाती ठेवतात; ज्याने ठेवली तोच मोडला तर ती गेली, आणि ज्याने घेतली तो मोडला तर त्याने दुप्पट परत करायची. मजुरीबद्दलही तीच स्मृती सांगते: वेतन आधी घेऊन काम टाकून देणाऱ्याने दुप्पट भरावे.

पाहा, शास्त्राने विसाराला अविश्वास म्हटले नाही, सत्याचे साधन म्हटले. आणि त्याचे ओझे दोघांवर ठेवले. घेणाऱ्यावर उलट जास्त. हे मी का सांगत नव्हतो? टाळ्या पडल्या नसत्या म्हणून, दुसरे काही कारण नाही.

आता कोणी म्हणेल, "महाराज, शास्त्र राहू द्या. तुकोबांनी तर खतेच इंद्रायणीत बुडवली. येणे असलेले पैसेही सोडून दिले. आपण त्यांचे वारस आणि आगाऊ पैशाची वकिली करतो?"

हा आक्षेप मीच माझ्यावर कितीतरी दिवस घेत होतो. मग एके दिवशी चरित्रातली ती गोष्ट पुन्हा नीट आठवली. घरात पिढीजात वाणीपण, सावकारी. दुष्काळात सगळे मोडले. लोकांकडे येणे असलेली खते घेऊन तुकोबा निघाले, तेव्हा त्यांनी आधी काय केले? कान्होबांचा अर्धा वाटा वेगळा काढून त्यांच्या हाती दिला. डोहात सोडली ती फक्त आपल्या वाट्याची खते.

माउली, इतकी वर्षे मी ही कथा सांगितली आणि यातला पहिला भाग नुसता ओलांडून पुढे जात होतो. त्याग आपल्या वाट्याचा करायचा असतो. सख्ख्या भावाच्या वाट्याला तुकोबांनी हात लावला नाही, आणि मी एका परक्या कारागिराच्या मुलाबाळांचा वाटा त्याच्या हातून इंद्रायणीत टाकायला लावला. तोही मंडपात बसून, माझे स्वतःचे काही न सोडता.

यातूनच मला त्या वेल्डिंगवाल्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर सापडले. ते असे: बाबा, मजुरी विश्वासावर सोड, माल विसारावर घे.

जे तुझे आहे, तुझा घाम, तुझे दिवस, त्यावर तू विश्वास ठेवून काम कर. बुडाले तर तुझे बुडेल, आणि ते सोसणे हा तुझा परमार्थ होऊ शकतो. पण लोखंड तुझे नाही, दुकानदाराचे आहे. हाताखालच्या पोराचा रोज तुझा नाही, त्याच्या आईच्या चुलीचा आहे. व्याजाने काढलेले पैसे तुझे नाहीत. त्यांच्या जिवावर तुला उदार होता येणार नाही. समजा फाटकाचे काम २०,००० रुपयांचे आहे, त्यात लोखंड, रंग आणि मदतनिसाचा रोज मिळून १३,०००. ते १३,००० आधी मागताना मान खाली घालू नकोस. उरलेले ७,००० फाटक बसल्यावर घे. अशाने विश्वासही राहिला आणि कोणाचा वाटाही बुडाला नाही. तो मृदंगवाला अडाणी म्हणून आधी हेच करत होता. शहाणपणा मी शिकवला आणि घात झाला.

पण बाबा, मागायचा अधिकार सांगितला म्हणजे गोष्ट संपली नाही. आगाऊ पैसे हातात आले की घेणाऱ्याची परीक्षा सुरू होते, आणि त्या परीक्षेत नापास झालेलेही मी पुष्कळ पाहिले. एकाचे पैसे घ्यायचे आणि त्यातून दुसऱ्याचे अडलेले काम उरकायचे. मग पहिल्याला "पुढच्या आठवड्यात या" सांगायचे. पाच जणांचा विसार खिशात आणि एकाचेही काम सुरू नाही. अशा माणसामुळे गिऱ्हाईक सगळ्याच कारागिरांकडे संशयाने बघते, आणि प्रामाणिक माणसाला मागायची लाज वाटू लागते. म्हणून घेतलेला पैसा विसार आहे हे विसरू नकोस. तो अजून तुझा झालेला नाही, तुझ्याकडे ठेवलेला आहे. त्यातून माल आणलास की पावती दाखव. किती घेतले, कोणत्या तारखेला देणार, हे कागदावर दोन ओळींत लिही आणि एक प्रत त्याला दे. काम जमणार नाही असे वाटले तर त्याने विचारण्याआधी पैसे परत कर. आणि गिऱ्हाईकावर खरीच अडचण आली, घरात आजारपण आले, कोणी गेले, तर वापरलेल्या मालाचे तेवढे धरून बाकीचे परत दे. दुसऱ्याच्या दुःखातून नफा काढू नये.

आणखी एक बाजू ध्यानात ठेव. ज्याच्यापाशी आगाऊ द्यायला खरोखरच काही नाही, असेही माणूस दारात येईल. पावसाळा तोंडावर आहे, पत्रा गळतो आहे, आणि पीक निघेपर्यंत हातात पैसा नाही. तिथे नियमाकडे बोट दाखवून दार लावू नकोस. त्याला म्हणावे, "पत्रे तुम्ही दुकानातून तुमच्या नावावर आणा, मी बसवून देतो, माझी मजुरी सुगीला द्या." किंवा काम टप्प्याटप्प्याने कर, आज निम्मे छप्पर, निम्मे नंतर. हीच ती बलुत्याची जुनी रीत, फक्त आता ती तू स्वतःहून निवडलेली. निवडता येते तिथेच दया सुरू होते.

विसाराला मी इतका चांगला म्हणतो आहे, पण तो नेहमीच चांगला असतो असेही नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांना मुकादम हंगामाआधी उचल देतो. तीही आगाऊ रक्कमच. पण ती फिटता फिटत नाही, पुढच्या हंगामावर चढते, आणि माणूस कोयत्याला बांधला जातो. बीडकडून येणाऱ्या किती तरी वारकऱ्यांना हे मी सांगायला नको. दोन्हीकडे पैसा आधीच दिलेला. पण फाटकाच्या विसाराने दुबळ्याला आधार दिला आणि उचलीने दुबळ्याच्या गळ्यात दोर घातला. म्हणून आगाऊ पैसा पुण्य की पाप, असे विचारून भागत नाही. तो दोघांतल्या दुबळ्याला सावरतो की अडकवतो, हे पाहावे लागते.

आता त्या मुलाच्या वडिलांशी दोन शब्द. ते माझ्याच वयाचे असतील, म्हणून आदराने पण मोकळेपणाने बोलतो. आपण म्हणता, आधी पैसे मागणे म्हणजे समोरच्याला चोर समजणे. मग आपल्या दिंडीकडे पाहा. वारीला निघण्याआधी प्रत्येक वारकऱ्याकडून भिशी घेतली जाते. वाटेतल्या दोन वेळच्या जेवणाचा शिधा आधी भरावा लागतो, ट्रक ठरवावा लागतो, आचारी सांगावा लागतो. विणेकरी कोणाला चोर समजतो म्हणून भिशी घेतो का? आणि भिशी देताना आजवर आपल्याला कधी अपमान वाटला का? नाही, कारण पीठ आधी आणावे लागते हे आपल्याला दिसते. वेल्डरचे लोखंडही आधी आणावे लागते. ते आपल्याला दिसत नाही, कारण ते त्याच्या दुकानात असते. वारीच्या वाटेवर जे आपल्याला धर्म वाटते, ते गावी परतल्यावर अधर्म कसे होईल?

एक प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल, आणि तो टाळणे बरे नाही. "हल्ली काही कीर्तनकारही आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय तारीख देत नाहीत. त्यांनाही हाच न्याय लावायचा का?" माझे मत विचाराल तर, नाही. कीर्तनाला मोल नाही, म्हणून त्याला विसारही नाही. प्रवासाचा खर्च आधी द्यावा, तो मालासारखाच आहे. पण हे बोलतानाही आता माझा आवाज पूर्वीइतका चढत नाही. ज्याच्या घरी चार एकर बागायत नाही, ज्याच्या मृदंगवाद्याला आणि टाळकऱ्यांना घरी चूल पेटवायची आहे, त्याला दूषण देण्याआधी आपल्या गावाने त्याच्या शिध्याची काय सोय केली, हे आपण विचारावे. न मागण्याचा नियम तिथेच टिकतो, जिथे देणारे न मागता देतात.

आणि मला वाटते, सगळ्या प्रश्नाची किल्ली इथेच आहे. आपण इतका वेळ विचारतो आहोत, की कारागिराने मागावे की नाही. हा प्रश्न त्याच्यासमोर आणला कोणी? तुम्ही आणि मी. काम सांगायला गेलो तेव्हा आपणच म्हणालो असतो, "मालाचे किती होतात? हे घ्या," तर त्याला मागायची वेळच आली नसती. उलट आपण गप्प बसतो, त्याच्या भिडेचा फायदा घेतो, आणि त्याने धीर करून मागितलेच तर "एवढाही विश्वास नाही का?" म्हणून त्यालाच अपराधी करतो. मी मृदंगाच्या पुडीवर हात ठेवून तेच केले होते. विश्वास हा शब्द बहुतेक वेळा तोच उच्चारतो, ज्याला त्या क्षणी पैसे द्यायचे नसतात.

त्या भजनी मंडळाचेही तसेच झाले. त्यांना फसवायचे होते असे मी म्हणणार नाही. वाद्ये फुकट मिळाली, आनंद झाला. सहा मृदंगांमागे एक संसार आहे हे कोणाच्या मनातही आले नाही. त्यांनी ११,००० आधी दिलेले असते तर आले असते. आपला पैसा जिथे गुंतलेला असतो तिथे आपले ध्यान राहते. विसार हा देणाऱ्याचेही चित्त जागे ठेवतो. सत्यंकार म्हणतात तो यासाठीही.

हा लेख छापायला देण्याआधी मी त्या कारागिराकडे गेलो. त्याची हकीकत लिहू का, असे विचारले. तो एका जुन्या मृदंगाची वादी ओढत होता. म्हणाला, "लिहा. फक्त माझं नाव घालू नका आणि त्या मंडळाचंही घालू नका. तीही आपलीच माणसं." मी म्हटले, "माझ्या हातून चुकले. ते कसे भरून काढू?" थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "भरून काढायचं काही राहिलं नाही महाराज. पोरगं तिकडे सुखात आहे. तुमच्याकडे नवे कीर्तनकार शिकायला येतात ना? त्यांना एवढं सांगा, की त्यागाचं बोलताना समोर कोण बसलंय ते बघत जावं."

ते मी आता सांगतो. आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगतो.

आणि वाचक माउली, तुम्हाला एवढेच सांगणे. आषाढी जवळ आली की तुमच्या दिंडीचा मृदंग मढवायला टाकाल, पताका शिवायला द्याल, पालखीच्या गाडीचे लोखंडकाम सांगाल. तेव्हा त्या माणसाने मागायची वाट पाहू नका. मालाचे पैसे आधी त्याच्या हातावर ठेवा आणि मग तारीख विचारा.

रामकृष्ण हरी.